इतिहास की खेळ? : 'घाशीराम'ची चौकट

'घाशीराम कोतवाल' शिकवताना गडचांदूरच्या आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : 'सर, नाना फडणवीस खरेच असे होते काय?' विचारणारे विद्यार्थी झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र जागून पाहिलेले. मंचावरचा खलनायक मंचावरच सोडून यायचा असतो, हे त्यांना शिकवावे लागत नाही. मग याच नाटकापाशी ते का अडतात?

ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ साली खेळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. माकडे लटकेच भांडतात आणि 'हा खेळ आहे' असा संकेतही त्याच वेळी देतात, हे त्यांचे निरीक्षण. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ च्या 'फ्रेम ॲनालिसिस' या ग्रंथात ते पुढे नेले. घटना कोणत्या चौकटीत घ्यावयाची, हे ठरल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. कृती तीच ठेवून अर्थ पालटण्याला त्यांनी संगीतातली संज्ञा योजली. आपण 'पट्टी बदलणे' म्हणू.

घाशीराम हा सवाई माधवरावांच्या काळचा पुण्याचा कोतवाल. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचले. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले. तेंडुलकरांचे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. वादळ उठले, थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापून कलावंतांनी ते पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्यापूर्वीही विरोध झालाच.

हा वाद नानांच्या चारित्र्याचा म्हणून नोंदला गेला. आमच्या मते तो चौकटीचा होता. गणपती नाचत येतो, सूत्रधार थट्टा करतो, ब्राह्मणांची रांग भिंत होते. सगळे 'खेळ आहे' असे बजावणारे. पण नावे दप्तरातली, आणि नाव उच्चारले की प्रेक्षकाच्या मनातली पट्टी इतिहासाची लागते. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, हा तेंडुलकरांचा खुलासा प्रामाणिक असेल. पण तो छापील पुस्तकात राहतो, नाट्यगृहातल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. बचाव म्हणून तो आम्हांस तोकडाच वाटतो.

खरे उत्तर त्या भिंतीत आहे. ती पाठ फिरवते तेव्हा मागे काय चालले आहे ते झाकले जाते, आणि झाकणारी माणसेच पुढच्या क्षणी भाविक होतात, मग जमाव. चौकट इथे माणसांची आहे. ती कधी मिटावी, कधी उघडावी हे तीच ठरवतात. शेवटी घाशीराम मारला जातो. नाना उत्सवाची आज्ञा देतात आणि नाच पुन्हा सुरू होतो. प्रेताशेजारी 'हा खेळ आहे' असे सांगणारा आता सूत्रधार नाही, पेशवाईचा कारभारी आहे. वर्गातला प्रश्न आम्ही हल्ली या प्रवेशापर्यंत राखून ठेवतो.