शिताके: वाळवणातून घडलेले अन्न

जपानी भाषेत ‘शिई’ हे एका सदाहरित वृक्षाचे नाव आहे आणि ‘ताके’ म्हणजे अळंबी. त्या वृक्षाच्या मेलेल्या खोडावर उगवते म्हणून ती शिताके. ताज्या शिताकेच्या वजनात सुमारे नऊ दशांश पाणी असल्यामुळे ती लवकर नासते, आणि म्हणून डोंगरातले हे रानधन दूरच्या बाजारात पोहोचले ते वाळवूनच. या वाळवणाने केवळ व्यापार शक्य केला असे नव्हे, तर अळंबीची चव, वास आणि पोषणमूल्यही घडवले. अळंबीच्या घटकांचे तक्ते वाचताना ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

हा व्यापार किती जुना आहे याची एक खूण झेन पंथाचा आचार्य दोगेन याने १२३७ साली मठातील स्वयंपाक्यांसाठी लिहिलेल्या ‘तेंझो क्योकुन’ या ग्रंथात सापडते. १२२३ साली चीनच्या बंदरात त्याचे जहाज नांगरलेले असताना एका मठाचा म्हातारा स्वयंपाकी जपानी माल विकत घेण्यासाठी चालत आला; ज्या पर्वतावर तो मठ होता, तो आपल्या सम्राट अशोकाच्या नावाने ओळखला जातो. त्या मालासाठी ग्रंथात आलेल्या शब्दाचा अर्थ अनेक अभ्यासक सुकी अळंबी असा लावतात, आणि भिक्षूंच्या शेवयांच्या रश्शासाठी ती हवी होती हे पाहता तो अर्थ पटण्याजोगा आहे.

सतराव्या शतकापासून जपानच्या बुंगो आणि इझू या प्रांतांत शिताकेची लागवड होऊ लागली, परंतु तिला लागवड म्हणणे अर्धेच खरे आहे. ओकच्या जातीची झाडे तोडून त्यांच्या ओंडक्यांवर कुऱ्हाडीने घाव घालायचे, ओंडके दमट सावलीत रचायचे आणि वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू, म्हणजे अळंबीचे धुळीसारखे सूक्ष्म बीज, त्या घावांत रुजतील या आशेवर दोन-दोन वर्षे थांबायचे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती असे. बीज रुजले नाही तर सगळा खर्च आणि सगळे कष्ट वाया जात. १९४२ साली मोरी किसाकू याने अळंबीच्या तंतूंनी भरलेल्या लाकडी खुंट्या ओंडक्याला भोके पाडून त्यांत ठोकण्याची रीत सिद्ध केली, तेव्हा कुठे रानातली अळंबी खऱ्या अर्थाने शेतात आली.

तिच्या अंतरंगाचा शोध मात्र युरोपात आधीच सुरू झाला होता. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने अळंबीतून एक चिवट, न विरघळणारा पदार्थ वेगळा केला. आज त्याला कायटिन म्हणतात आणि कीटकांचे कवचही त्याचेच असते. पोटात न पचणारा हा पदार्थ अळंबीच्या तंतुमय भागाचा मोठा हिस्सा आहे, आणि त्यात नायट्रोजन असल्यामुळे प्रथिनांचा हिशेब फसतो. अन्नातील नायट्रोजनला ६.२५ ने गुणून प्रथिने काढण्याची सर्वसाधारण पद्धत अळंबीला लावली तर आकडा फुगतो. म्हणून तिच्यासाठी ४.३८ हा गुणक वापरतात. अळंबीला सरसकट ‘शाकाहारी मांस’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

वाळवणाचे रसायन याहून मनोवेधक आहे. ताज्या शिताकेत ग्वानिलेट हे रुचिवर्धक द्रव्य अल्प असते. सुकलेली अळंबी थंड पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी हळूहळू तापवले, की साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, पेशींतील आरएनए तोडून ते मोकळे करते. हे द्रव्य आणि शिताकेची चव यांचे नाते जपानी संशोधक कुनिनाका अकिरा याने विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडले. थंड पाण्यात सावकाश भिजवण्याची सुगरणींची रीत त्याच्या कितीतरी आधीची. सुक्या शिताकेचा तो उग्र वासही लेंथिओनिन या गंधकयुक्त द्रव्याचा असून वाळताना आणि भिजताना तो खुलतो.

आणि ऊन? अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचा मेदसदृश पदार्थ असतो. शार्ल तान्रे याने १८८९ साली तो राय धान्यावरील अर्गट बुरशीतून प्रथम मिळवला. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे पडली की त्याचे ड-२ जीवनसत्त्व बनते, आणि या घराण्यातील द्रव्यांच्या अभ्यासासाठी आडोल्फ विंडाउस याला १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. चटयांवर उन्हात वाळलेली जुनी शिताके अशा रीतीने नकळत जीवनसत्त्वाने समृद्ध होत असे. विसाव्या शतकात गरम हवेच्या भट्ट्या आल्या, माल पावसापाण्याच्या धास्तीतून सुटला आणि एकसारखा वाळू लागला, पण उन्हाचा तो वाटा गेला. अर्गोस्टेरॉल मात्र सुक्या अळंबीतही शिल्लक राहते. त्यामुळे बाजारातून आणलेली भट्टीतली शिताके भिजवण्यापूर्वी, छत्रीच्या खालच्या पडद्या वर करून, काही तास उन्हात पसरली तरी तिच्यात ते जीवनसत्त्व पुन्हा तयार होते.