मैदानावरची हिरवळ पिवळी पडतेय? आधी हुमणी तपासा

पावसाळ्याच्या शेवटी शाळेच्या मैदानावर किंवा क्रिकेटच्या आउटफिल्डवर पिवळे चट्टे दिसायला लागले की पहिला संशय पाण्यावर जातो. मग पाणी वाढवलं जातं, युरिया फेकला जाता, तरी चट्टा पसरतच राहतो. अशा वेळी गवत मुठीत धरून ओढून पाहावं. सतरंजी गुंडाळावी तसं ते मुळापासून सुटून हातात आलं, तर खाली हुमणी आहे असं समजावं.

ऊस आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला ही अळी नवी नाही. पांढरट, जाड, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली आणि तपकिरी डोक्याची. शेतात तिला हरळीच्या मुळ्याही चालतात आणि मैदानावर तर हरळी हेच पीक. फरक एवढाच, की शेत उन्हाळ्यात खोल नांगरून अळ्या-कोष पक्ष्यांच्या तोंडी देता येतात, मैदान नांगरता येत नाही. त्यामुळे इथे खरा उपाय भुंगेरे पकडण्याचाच.

वर्षाचं गणित

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मे-जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात आणि पहाटेआधी परत मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. जुलैपासून अळ्या मुळ्या खातात. ऑगस्ट-सप्टेंबरमधली मोठी अळी सगळ्यात जास्त नुकसान करते.

तपासणी कशी करावी

चट्ट्याच्या कडेला, जिथे हिरवं-पिवळं एकत्र दिसतं तिथे, एक फूट लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी खोऱ्याने कापून उलटवावा. तीन-चार इंच मातीत पाच किंवा जास्त अळ्या सापडल्या तर उपाय करायलाच हवा. त्याहून कमी असतील आणि गवत चांगलं असेल, तर नियमित पाण्यावर ते तग धरतं.

मुळं शाबूत आणि पानं कुरतडलेली असतील, तर लष्करी अळी असू शकते. बादलीभर पाण्यात थोडं पातळ साबण मिसळून तिथे ओतावं. दहा-एक मिनिटांत अळ्या वर येतात. हुमणी मात्र साबणाने वर येत नाही.

काय करावं

- पहिल्या वळवानंतर रोज संध्याकाळी मैदानाभोवतीच्या झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. सोबत दिव्याचा सापळा लावावा.
- कच्चं शेणखत मैदानावर टाकू नये. पूर्ण कुजलेलंच वापरावं.
- जुलैमध्ये, अळी लहान असताना, मेटारायझियम ही मित्रबुरशी ओल्या मातीत द्यावी. कोरड्या मातीत ती काम करत नाही. सोबत बुरशीनाशक वापरू नये.

फोरेट नको

पूर्वी हुमणीसाठी फोरेटचे दाणे सर्रास टाकले जायचे. अतिविषारी असलेल्या या औषधावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुनी पिशवी घरात पडली असेल तरी ती मैदानावर नेऊ नये. तिथे पोरं अनवाणी कबड्डी खेळतात, भरतीची तयारी करणारी मुलं त्याच मातीत व्यायाम करतात. दुसरं औषध द्यायचंच झालं, तर कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने, लेबल वाचून द्यावं आणि मैदान काही दिवस बंद ठेवावं.