ताबा, कोठडी, हेफाजत

कोलकात्यातला एस्प्लनेड आणि मुंबईतलं एस्प्लनेड कोर्ट, दोन्ही नावांचं मूळ एकच. किल्ल्यासमोर मोकळी सोडलेली जागा म्हणजे एस्प्लनेड. तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको, म्हणून तिथे बांधकाम होऊ द्यायचं नाही. मुंबईकरांनी त्या कोर्टाला ‘किल्ला कोर्ट’ करून टाकलं; कोलकात्याचा माणूस बसमध्ये अजून ‘धर्मतला’चं तिकीट मागतो. फोर्ट विल्यमच्या तोफा कधीच गप्प झाल्या, पण जमाव आणि सत्ता इथेच समोरासमोर येतात.

३१ ऑगस्ट १९५९. तांदूळ महागला होता. डाव्या पक्षांच्या नेतृत्वाखाली मैदानात प्रचंड सभा झाली, मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या लाठ्या चालल्या. आंदोलकांनी मृतांचा आकडा ८० सांगितला. मुख्यमंत्री होते काँग्रेसचे बिधानचंद्र रॉय.

२१ जुलै १९९३. मतदारांना छायाचित्र असलेलं ओळखपत्र द्या, या मागणीसाठी युवक काँग्रेसने ममता बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली मोर्चा काढला. पोलिसांच्या गोळीबारात १३ जण गेले. मुख्यमंत्री होते ज्योती बसू. १९५९ मध्ये लाठ्या खाणारे आता सरकारात होते.

२०११ मध्ये ममता बॅनर्जी मुख्यमंत्री झाल्या. १९९३ च्या गोळीबारासाठी त्यांच्या सरकारने न्यायमूर्ती सुशांत चट्टोपाध्याय यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. दरवर्षी २१ जुलैला इथे शहीद दिनाची सभा भरते, रस्ते बंद होतात. आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला याच परिसरात डाव्या युवक संघटनांच्या मोर्चावर लाठीमार झाला. त्यात जखमी झाल्याचं सांगितलं गेलेला एक तरुण कार्यकर्ता चार दिवसांनी रुग्णालयात वारला. मृत्यूच्या कारणावरून वाद झाला. बोलणारे आणि उत्तर देणारे यांनी जागा तेवढ्या बदलल्या होत्या.

या तारखा मी एका बंगाली लेखाचा अनुवाद करताना ओळीने मांडल्या, तेव्हा एक गोष्ट जाणवली. ज्याच्यामागे पक्ष आहे, त्या मृताला इथे स्तंभ मिळतो, सभा मिळते, सत्ता बदलली तर आयोगही मिळतो. पण मोर्चात नसलेल्या, रात्री घरातून उचलून नेलेल्या माणसाचं काय?

त्याच्यासाठी काही हललं ते एका पत्राने. १९८६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘टेलिग्राफ’, ‘स्टेट्समन’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये पोलिसांच्या ताब्यात झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. स्टेट्समनची इमारत एस्प्लनेडच्याच चौकात आहे. पश्चिम बंगालमधल्या एका विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी त्या बातम्यांचा हवाला देऊन २६ ऑगस्टला सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. पोलीस काही दडपत नाहीत, असं राज्य सरकारने उत्तर दिलं. सरकार तेव्हा डाव्यांचं होतं.

निकाल यायला दहा वर्षं लागली. १८ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने अटकेसाठी अकरा दंडक घालून दिले. पहिला अगदी साधा आहे : अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. मग अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. जाब विचारायचा तर आधी कोणाला विचारायचा ते कळलं पाहिजे. म्हणून नाव पहिलं.

अनुवादात मी अडले ती वेगळ्याच शब्दावर. बंगाली वर्तमानपत्रं पोलीस कोठडीला ‘हेफाजत’ म्हणतात. हा आपल्याही ओळखीचा शब्द : हिफाजत, म्हणजे सांभाळ, रक्षण. ‘हेफाजतीत मृत्यू’ हे बंगाली वाचक रोज वाचतो आणि सवयीने पुढे जातो. मराठीत आपण ‘कोठडीतील मृत्यू’ म्हणतो. कोठडी ही नुसती जागा. दार, कडी, अंधार. तिथे माणूस मेला तर जणू भिंतींनी मारला.

मराठीचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या कैदी स्त्रियांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांना झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. बसूंच्या आधीच. १९८३ च्या त्या निकालात न्यायालयाने आदेश दिला, की अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोठडीत लावावं, आणि त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवावं. न्यायालयाने एका अर्थी अनुवादाचंच काम सोपवलं होतं. ते कागद किती भिंतींवर टिकले, हे कोणत्याही ठाण्यात जाऊन कोणालाही पाहता येईल. मात्र पाहायला जावं लागेल, आणि आपल्या पक्षाचं सरकार असतानाही जावं लागेल.

शेवटी मी ‘हेफाजत’ला ‘ताबा’ लिहिलं. त्यात रक्षणाचा ओलावा नाही, हे मान्य. पण ताबा कोणाचा तरी असतो. ‘पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू’ म्हटलं, की माणूस कोणाच्या हाती होता हे वाक्यातून पुसता येत नाही.