एकाच चेहऱ्यावर मुरूम आणि सुरकुत्या : काय लावावे, काय टाळावे

तिशी आली की मुरूम आपोआप जातात, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात अनेक स्त्रियांचे आणि काही पुरुषांचेही मुरूम पस्तिशी-चाळिशीपर्यंत चालू राहतात. काहींना तर ते पहिल्यांदा याच वयात येतात. त्याच सुमारास डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा दिसू लागतात, गालांवर वांग उमटतो, त्वचा कोरडी पडते. मुरुमांचे औषध लावावे तर चेहरा सोलवटतो; सुरकुत्यांसाठी जाड क्रीम लावावे तर पुन्हा पुटकुळ्या येतात. या कात्रीत सापडलेली माणसे मेडिकलवाल्याला विचारून एखादी ट्यूब घेतात आणि खरे नुकसान तिथून सुरू होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : या दोन तक्रारींसाठी दोन वेगळे खर्च करण्याची गरज नसते. चार साध्या वस्तूंचा एकच नित्यक्रम बहुतेकांना पुरतो. गोरेपणाचे आश्वासन देणारी ट्यूब मात्र अनेकदा या दोन्ही तक्रारी वाढवून ठेवते.

त्वचेच्या दुखण्याची हेळसांड नको

चळवळीत काम करणाऱ्यांनी चेहऱ्याकडे कशाला पाहायचे, असा एक सूर आपल्यात ऐकू येतो. त्यांनी विनयपिटकातील महावग्ग पाहावा. आनंदांचे उपाध्याय स्थविर बेलट्ठसीस यांना त्वचेचा विकार झाला होता. त्यातील लसीमुळे चीवर अंगाला चिकटत असे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवत. भगवंतांनी हे पाहिले, विचारपूस केली आणि खाज, पुळ्या, वाहणारे व्रण असलेल्या भिक्खूंना औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. पुळीसाठी तिथे ‘पिलका’ हा पाली शब्द येतो. याच परंपरेत नव्या श्रामणेराला केस, लोम, नखे, दात आणि त्वचा यांच्या खऱ्या स्वरूपावर ध्यान करायला शिकवतात. त्वचेचा मोह नको आणि तिच्या दुखण्याकडे दुर्लक्षही नको, असा दोन्हींचा मिळून अर्थ आम्ही घेतो.

दोन्ही तक्रारी एकत्र का येतात

त्वचेतील तेलग्रंथींचे तेल आणि मृत पेशी मिळून रोमछिद्र बुजते. आत जीवाणू वाढतात, सूज येते आणि मुरूम तयार होतो. मोठ्या वयातील मुरूम बहुधा हनुवटी, जबडा आणि मानेच्या वरच्या भागावर येतात. स्त्रियांमध्ये ते पाळीच्या आधी वाढतात, कारण तेलग्रंथी संप्रेरकांच्या प्रभावाखाली काम करतात.

वय वाढते तसे त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन कमी होते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटल्याने त्वचा आणखी पातळ व कोरडी होते. पण चेहऱ्यावर दिसणाऱ्या म्हातारपणाचे सर्वात मोठे बाह्य कारण ऊन आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने सुरकुत्या उशिरा पडतात. त्याऐवजी वांग, काळपट चट्टे आणि असमान रंग आधी दिसतो. शिवाय अशा त्वचेवर प्रत्येक मुरूम जाताना मागे काळा डाग ठेवतो आणि तो अनेक महिने टिकतो. म्हणून मुरूम फोडणे, घासणे, खरवडणे आपल्याला जास्त महागात पडते.

दोन्हींवर चालणारे औषध आणि त्याचा इतिहास

जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेल्या किंवा त्यासारखे काम करणाऱ्या औषधांना रेटिनॉइड म्हणतात. ट्रेटिनॉइन आणि अडॅपलिन ही त्यातील प्रमुख नावे. ती रोमछिद्रे बुजू देत नाहीत, म्हणून मुरूम कमी होतात. ट्रेटिनॉइन कोलॅजनची निर्मितीही वाढवते. सुरकुत्यांवरचा सर्वात भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे. अडॅपलिन त्वचेला तुलनेने कमी झोंबते, म्हणून सुरुवातीला ते सोपे जाते.

या औषधामागची माणसेही आपल्या वाचकांना माहीत असावीत. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले. त्या कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. थोड्या पैशांच्या मोबदल्यात, पुरेशी माहिती न देता त्यांच्या शरीरावर निरनिराळी रसायने वापरली गेली. ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही त्यांत होत्या. १९७१ मध्ये ते अमेरिकेत मुरुमांसाठी मान्य झाले. ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या सुरकुत्या कमी झाल्याचे पुढे लक्षात आले आणि १९९५ मध्ये त्यासाठीही मान्यता मिळाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये या प्रयोगांबद्दल माफी मागितली. औषध उपयुक्त आहे, म्हणून आम्ही ते सुचवतो. पण ते कोणाच्या कातडीवर तपासले गेले, हे विसरून सुचवत नाही.

सकाळचा क्रम

१. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. घासणारे स्क्रब आणि कपडे धुण्याचा साबण नको. दिवसातून दोनदा धुणे पुरे. वारंवार धुतल्याने तेल कमी होत नाही, त्वचा मात्र चिडते.

२. हलके मॉइश्चरायझर लावावे. पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेले पाहावे, म्हणजे रोमछिद्रे न बुजवणारे. मुरुमांच्या चेहऱ्यालाही ओलावा लागतोच.

३. सनस्क्रीन हे सुरकुत्या, वांग आणि मुरुमांचे डाग या तिन्हींवरचे औषध समजावे. एसपीएफ ३० किंवा अधिक, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेले आणि जेलसारखे हलके घ्यावे. दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढे चेहरा आणि मानेला लागते. वांग असल्यास आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो.

रात्रीचा क्रम

१. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा.

२. अडॅपलिन ०.१ टक्का जेल वाटाण्याएवढे घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर पातळ लावावे. केवळ मुरुमावर ठिपका देऊन उपयोग नाही; नवे मुरूम येऊ न देणे हे त्याचे काम आहे. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना आणि नाकपुड्यांच्या कोपऱ्यात लावू नये. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोन-तीनच रात्री लावावे, मग सहन होईल तसे वाढवावे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे.

३. वरून मॉइश्चरायझर लावावे. फार सोलवटत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर असे करावे.

पहिल्या काही आठवड्यांत मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात, त्वचा सुटते. इथेच बहुतेक जण सोडून देतात. मुरुमांवर परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, तर सुरकुत्यांवर सहा महिने किंवा त्याहून जास्त. आठ दिवसांत परिणामाची हमी देणाऱ्या ट्यूबवर म्हणूनच संशय घ्यावा.

सुजलेले, पू असलेले मुरूम जास्त असतील तर डॉक्टर बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. २.५ टक्क्यांचे पुष्कळदा पुरते. त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे ध्यानात ठेवावे. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक जेल एकटे महिनोन्‌महिने लावू नये. जीवाणू त्याला दाद देईनासे होतात. मुरूम आणि काळे डाग दोन्ही असतील तर अझेलिक ॲसिड हा चांगला पर्याय आहे.

गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी रेटिनॉइड वापरू नये. त्यांच्यासाठी अझेलिक ॲसिड सुरक्षित मानले जाते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. त्या केवळ त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात.

जयंती, मोर्चे आणि एप्रिलचे ऊन

१४ एप्रिलची मिरवणूक ऐन उन्हाळ्यात येते. सर्वेक्षण, धरणे, प्रचार यांत दिवस उन्हात जातो. अशा वेळी निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी सनस्क्रीन लावावे आणि दर दोन-तीन तासांनी घाम पुसून पुन्हा लावावे. टोपी, छत्री, सुती ओढणी यांचा उपयोग कोणत्याही क्रीमइतकाच आहे. निळा गुलाल लागला असेल तर घरी आल्यावर रगडू नये. साध्या पाण्याने व फेसवॉशने धुवावे, मॉइश्चरायझर लावावे आणि त्या रात्री रेटिनॉइडला सुट्टी द्यावी.

हे टाळा

स्टेरॉइडची ट्यूब : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव घटकांत असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठराविक आजारात, ठराविक दिवसांसाठीच ते वापरायचे असते. मुरूम किंवा गोरेपणासाठी लावल्यास पहिले काही आठवडे चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, नको तिथे लव वाढते आणि एकाच आकाराचे मुरूम उठतात. बंद केले की जळजळ आणि लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे ‘तीन औषधांचे’ क्रीमही वांगासाठी मर्यादित काळच वापरतात. अनेक घरांत ते वर्षानुवर्षे लावले जाते. सवय लागली असेल तर लाजू नये, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

पाऱ्याचे क्रीम : घटकांची यादी नसलेले, कंपनीचा पत्ता नसलेले गोरेपणाचे क्रीम घेऊ नये. त्यांतील काहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ मध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडविकाराच्या काही रुग्णांचा धागा अशाच क्रीमशी जुळला होता.

घरगुती प्रयोग : लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते आणि डाग पडतात. मुरुमांच्या चेहऱ्यावर खोबरेल तेलही नको.

डॉक्टरकडे कधी जावे

खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागले असतील, तीन महिने नियमित औषध लावूनही फरक नसेल, तर थांबू नये. मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी करावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभागाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. औषध महाग वाटल्यास त्याच घटकाचे जेनेरिक मागावे. महागड्या डब्यापेक्षा घटकाचे नाव आणि त्याचे प्रमाण महत्त्वाचे.

रंग हा आजार नाही

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे पेहराव आणि दागिने टाका, स्वच्छ राहा. त्या सांगण्यामागे स्वाभिमान होता. चेहरा धुणे, उन्हापासून जपणे, दुखण्यावर औषध घेणे हे त्या स्वाभिमानात बसते. काळ्या रंगाची लाज वाटून चेहरा जाळून घेणे त्यात बसत नाही. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. लग्नाच्या बाजारातली गोऱ्या मुलीची मागणी मात्र तशीच राहिली. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रांतही ‘रंग गोरा’ हा रकाना दिसतो. तो आधी आपण काढून टाकू. मुरूम बरे होतात, वांग फिका करता येतो, सुरकुत्या लांबवता येतात. त्वचेचा मूळ रंग बरा करण्याची गोष्ट नाही, कारण तो आजारच नाही.