पाहुण्यांसाठीं पिंजरा

"किती वाजले हो?" एवढ्या साध्या प्रश्नानें कोणाच्या अंगाला घाम फुटेल असें आमच्या वाचकांस वाटणार नाहीं. परंतु १९७० ते १९९० या काळांत इंग्लंडांत आपल्या आवडत्या फुटबॉल-संघाच्या मागोमाग परगांवीं गेलेल्या मनुष्यास रस्त्यांत एखाद्या अनोळखी तरुणानें हा प्रश्न केला, कीं त्याच्या पायांखालची जमीन सरके. विचारणाऱ्याला वेळ नको होती, उच्चार हवा होता. लिव्हरपूलचा मनुष्य दोन शब्द बोलला कीं तो लिव्हरपूलचा हें कळून चुकतें. लंडनच्या पूर्वभागांतल्याला तर एकच शब्द पुरतो. उत्तर दिलें तर मार, आणि न दिलें तर संशयावरून मार! त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या आठवणींत हा प्रश्न पुनःपुन्हां भेटतो, आणि त्याच्याबरोबर तो चुकविण्याच्या युक्त्याहि भेटतात: गळपट्टा कोटाच्या आंत खुपसावयाचा, तोंड मिटून चालावयाचें, आणि कोणाच्या डोळ्याला डोळा म्हणून भिडवावयाचा नाहीं.

हें वैर अगदीं कालचें नव्हे. १८८५ सालीं प्रेस्टनच्या संघानें अॅस्टन व्हिला येथें जाऊन यजमानांस हरविलें, तेव्हां चिडलेल्या जमावानें खेळाडूंवरच दगडांचा व काठ्यांचा वर्षाव केला. जत्रेच्या फडांत परगांवचा मल्ल गांवच्या मल्लास चीत करूं लागला म्हणजे भोंवतालचीं तोंडें कशीं काळवंडतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें नवल वाटूं नये. १८८८ सालीं बारा संघांची 'लीग' निघाली, आणि शनिवारची अर्धी सुट्टी व आगगाडी यांच्या जोरावर सामन्यांस हजारों लोक लोटूं लागले. तथापि दर आठवड्यास परगांवीं जाण्याइतका पैसा व सवड फारच थोड्यांपाशीं असे. तरुण मजुराच्या खिशांत चार पैसे खुळखुळूं लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि १९६० नंतर या शनिवारच्या स्वाऱ्यांस खरा ऊत आला.

सामन्याच्या सकाळीं रेल्वे या मंडळींकरितां खास गाड्या सोडी. डबे बहुधा जुनेपुराणे असत. कारण परत येईपर्यंत त्यांतील दिवे व बांकें शिल्लक राहतील अशी हमी कोण देणार? गाडी परगांवच्या स्टेशनांत शिरली कीं फलाटावर शिपायांची रांग आणि कुत्र्यांचें भुंकणें. तेथून मैदानापर्यंतची वाट घोडेस्वार पोलिसांच्या पहाऱ्यांत, कैद्यांच्या तांड्याप्रमाणें चालावी लागे. कांहीं ठिकाणीं तर दारावरच बुटांच्या नाड्या काढून घेत. नाडी नसलेल्या जड बुटानें लाथ मारतां येत नाहीं, हा त्यांतला शास्त्रार्थ! सामना संपला तरी सुटका नसे. गांवचे प्रेक्षक पांगेपर्यंत पाहुण्यांस आंतच कोंडून ठेवीत, आणि मग हिवाळ्याच्या अंधारांत पुनः स्टेशन गांठावयाचें. भयाची खरी जागा ती हीच. विटेचा तुकडा कोणत्या गल्लीच्या तोंडाशीं येऊन कपाळावर बसेल याचा नेम नसे.

या गोष्टी आज सांगतांना सांगणारे हंसतात. त्या हंसण्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं. दंगेखोरांनीं आपल्या पराक्रमाचे पोवाडे गाइले आहेत, आणि अभ्यासकहि त्यांच्याच मागें अधिक लागले. बिल ब्यूफर्ड हा अमेरिकन लेखक १९८४ सालीं मँचेस्टर युनायटेडच्या अनुयायांबरोबर थेट ट्यूरिनपर्यंत गेला, व पुढें त्यानें त्यांच्यावर पुस्तक लिहिलें. परंतु त्याच आगगाड्यांतून नुसता खेळ पाहावा म्हणून जाणारे, मुलाचा हात धरून जाणारे, असे लोक कितीतरी अधिक होते. त्यांना भय वाटलें, आणि भय वाटल्याची कथा सांगण्यांत पुरुषार्थ नाहीं; म्हणून ते गप्प राहिले.

दंगेखोर थोडे होते म्हणून ते काल्पनिक होते असें मात्र नव्हे. १९७४ च्या ऑगस्टमध्यें ब्लॅकपूलच्या मैदानांत बोल्टनविरुद्धच्या सामन्याच्या वेळीं एका तरुण प्रेक्षकाचा भोसकून खून झाला. तेव्हांपासून दोन पक्षांस वेगळें ठेवण्याची व लोखंडी कुंपणें घालण्याची लाटच उसळली. १९८५ च्या मार्चमध्यें मिलवॉलच्या अनुयायांनीं लूटन येथें असा धुमाकूळ घातला कीं लूटनच्या संघानें पुढील वर्षापासून चार हंगाम पाहुण्या प्रेक्षकांस आपलें दार बंद केलें. त्याच वर्षीं चेल्सीच्या अध्यक्षांनीं कुंपणांत बारा व्होल्टची वीज खेळविण्याचा घाट घातला. लंडनच्या कौन्सिलानें प्रवाह सोडूं दिला नाहीं म्हणूनच तो बेत फसला. गुरांच्या कुरणाची ही कल्पना माणसांस लावतांना कोणास फारसा संकोच वाटला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मे महिन्यांत ब्रुसेल्स येथें लिव्हरपूलच्या अनुयायांनीं युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली. चेंगराचेंगरी होऊन भिंत कोसळली, आणि ३९ जण, बहुतेक इटालियन, प्राणांस मुकले. यापुढें लिव्हरपूलचा प्रेक्षक म्हणजे संशयित, असें समीकरणच होऊन बसलें.

आणि येथेंच भयाची दिशा चुकली. घड्याळ विचारणाऱ्या पोरापासून पाहुण्यास वांचवावयाचें व पाहुण्यापासून गांवास वांचवावयाचें, या दोन्ही हेतूंनीं त्याच्या भोंवतीं पिंजरा उभा राहिला. त्या पिंजऱ्याची भीति मात्र कोणासच वाटेना, खुद्द प्रेक्षकालाहि नाहीं. पाठीमागून रेटा यावा, पाय जमिनीवरून उचलले जावे, छाती कठड्यावर दाबली जावी, हें तो खेळाच्या मौजेपैकींच समजे. १९८१ च्या एप्रिलमध्यें शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उपांत्य सामन्यांत लेपिंग्ज लेनच्या बाजूस अशीच चेंगर होऊन टॉटनहॅमच्या ३८ प्रेक्षकांना इजा झाली. याचा परिणाम काय झाला? उभ्या प्रेक्षकांच्या त्या पायऱ्यांवर आडवीं कुंपणें घालून तिचे आणखी लहान पिंजरे पाडण्यांत आले!

१५ एप्रिल १९८९ रोजीं लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना त्याच मैदानावर होता. शेफील्ड दोघांसहि परगांवच. लिव्हरपूलच्या वांट्यास लेपिंग्ज लेनची बाजू आली. तेथें उभे राहण्याचीं १०,१०० तिकिटें होतीं, आणि तेवढ्या लोकांस आंत घेण्यास फिरतीं दारें अवघीं सात. बाहेर गर्दी तुंबली. दोन वाजून बावन्न मिनिटांनीं पोलिसांनीं एक मोठें फाटक उघडलें. आंत आलेल्यांस समोर एक बोगदा दिसला. तो मधल्या दोन पिंजऱ्यांत जात होता, आणि ते आधींच खच्चून भरलेले होते. बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण तिकडे वळा असें सांगणारें कोणी नव्हतें. तीन वाजतां खेळ सुरू झाला व तीन वाजून सहा मिनिटांनीं थांबविण्यांत आला. जे जीव घेऊन कुंपणावर चढले, त्यांपैकीं कित्येकांस शिपायांनीं प्रथम मागें लोटलें. मैदानावर दंगा होऊं नये म्हणून!

पोलिसांच्या मुख्य अधिकाऱ्यानें त्याच दुपारीं असें सांगितलें कीं, फाटक प्रेक्षकांनींच जबरीनें उघडलें. हें धडधडीत असत्य होतें. मृतांचीं रक्तें मद्यासाठीं तपासण्यांत आलीं, त्यांत दहा वर्षांच्या एका मुलाचेंहि होतें. ज्या आईबापांनीं पोरांस सामन्यास पाठविलें, त्यांना प्रेतें ओळखण्यास बोलावून पहिला प्रश्न केला गेला तो, मुलानें किती दारू घेतली होती, हा.

न्यायमूर्ति टेलर यांनीं त्याच वर्षीं पोलिसांच्या हातून गर्दीचा ताबा सुटला हेंच मुख्य कारण ठरविलें, व १९९० च्या जानेवारींतल्या शेवटच्या अहवालांत मोठ्या मैदानांवर सर्वांस बसावयास जागा असावी अशी शिफारस केली. कुंपणें निघालीं. परंतु प्रेक्षकांच्या माथ्यावरचा डाग धुऊन निघण्यास २०१६ चा एप्रिल उजाडावा लागला. तेव्हां पंचांनीं हे मृत्यु बेकायदा मनुष्यवध ठरविले, आणि प्रेक्षकांकडे कांहींएक दोष नाहीं असा निर्णय दिला. त्या वेळीं मृतांची संख्या ९६ होती. त्या दुपारीं मेंदूस झालेली इजा बत्तीस वर्षें भोगलेला आणखी एक प्रेक्षक २०२१ च्या जुलैमध्यें वारला, तो सत्त्याण्णवावा.