सत्तर पानांचा पुडा

विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचा पुडा पूर्ण कधी धरायचा, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात 70 या आकड्याने ठरते. 70 पानांचा एक पुडा आणि 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा 50 पानांचा असतो. मजुरी शेकडा पुड्यांवर मिळते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी तोडून आणलेली पाने दुपारी घरी जुळवायला लहानथोर सगळे बसतात.

पुडा बांधला म्हणून काम झाले असे होत नाही. तो फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यावा लागतो. तिथे फळीमुन्शी पुडे मोजतो, एखादा सोडून पाहतो. पाने फाटकी, किडकी किंवा फार कोवळी निघाली की पुडा नाकारला जातो. मुन्शीच्या नोंदीनंतरच मजुरी पदरात पडते. पुढे पुडे उन्हात वाळवायचे, उलटायचे, पाणी शिंपून गोणीत भरायचे, ते काम फळीचे.

वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा 1969 चा. तेंदूपानाचा व्यापार त्याने शासनाच्या हाती आणला. शासन घटकवार लिलाव करी आणि ठेकेदार पाने उचली. पानांची संख्या ठरलेली असली तरी पान चांगले की वाईट हे ठेकेदाराचा माणूस ठरवी. शेकड्यामागे पुडे जादा मागितल्याची तक्रार जुनी आहे. 1980 च्या दशकात गडचिरोलीत मजुरीच्या दरावरून संघर्ष पेटला आणि नक्षलवाद्यांनी तो प्रश्न हाती घेतला. वाद दराचा दिसतो. पण हाच दर कोणत्या पुड्याला लागू होणार, हा प्रश्न त्याच्या पोटातच होता.

काम पूर्ण कधी धरायचे हे आधीच ठरवण्याची हीच गरज सॉफ्टवेअरच्या जगाने फार नंतर ओळखली. स्क्रम पद्धतीच्या मार्गदर्शिकेत ‘डेफिनिशन ऑफ डन’, म्हणजे काम पूर्ण कधी म्हणायचे याची सर्वांना मान्य व्याख्या, आहे. ती पुरी न करणारे काम ग्राहकाला देता येत नाही, आढाव्यातही मांडता येत नाही. ते पुन्हा बाकी कामांच्या यादीत जाते. ही व्याख्या काम करणाऱ्यांनाही बांधते आणि तपासणाऱ्यांनाही. फळीवर नेमके हेच दुसरे टोक सुटलेले होते.

ते बांधण्याची वाट वनहक्क कायद्याने उघडली. 2006 च्या या कायद्याने तेंदूपान गौण वनोपजात धरले आणि ग्रामसभांचा त्यावरील हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. 2013 च्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी तेंदूपान स्वतः विकले. अशा विक्रीत ग्रामसभा व्यापाऱ्याशी थेट करार करते. पुडा कसा तपासायचा, नाकारलेल्या पुड्याचे काय करायचे आणि पैसे केव्हा द्यायचे, या अटी हंगामापूर्वीच त्यात घालता येतात.