छत्री की चामर?

डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीतली कोथिंबीर फुलोऱ्यावर आली, की घरात हळहळ होते. मला मात्र मॉरिसनसाहेब आठवतो. धने, जिरे, ओवा, बडीशेप, गाजर या एकाच कुळावर त्याने 1672 मध्ये ऑक्सफर्डला अख्खा ग्रंथ छापला! लॅटिन पंडितांना या फुलोऱ्यात छत्री दिसली, आपल्या परिभाषाकारांना चामर. (आपले अधिक देखणे, नाही का?) पुढे पुस्तकांतून रूढ झाले, की मंजिरीचा दांडा आखडून चामर बनते. ठाण्याच्या वर्गांत खडू झिजवून मीही तेच शिकवले. 2010 नंतरची सूक्ष्मदर्शकाखालची निरीक्षणे निराळेच सांगतात : शेंड्याचा कोवळा उंचवटा रुंदावतो, विभागतो आणि त्याचीच फुले होतात. आता कल्याणच्या बाजारात जुना विद्यार्थी भेटला, की मी जुडीत एखादा फुलोरा शोधू लागतो.